घार आणि पाटील

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खुर्ची मोठी का स्टूल मोठं? हे गप्प. कपात आणि ताटात फरक काय? हे भिंतीकडं बघतात. पल्लवी मॅडम म्हणतात, काकू, अर्धांगाच्या झटक्यानं शब्द गेलेले नसतात, वाट चुकलेले असतात. रोज दोन वस्तू दाखवा, फरक विचारा, काका बोलतील ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. मॅडम आमच्या निखिलपेक्षा लहान, पण ऑगस्टपासून ह्यांना बोलायला शिकवतायत, तेव्हा ऐकावं लागतं. ज्या ड्रायव्हरची हाक अख्ख्या डेपोला ऐकू जायची त्याला मी स्टूल दाखवत बसलेय. मलाच लाज वाटली.

नंतर माझ्या आधारानं एकेक पायरी चढवून गच्चीवर उन्हात नेलं. ह्यांच्या खांद्यावर पाटील, म्हणजे आमचं वीतभर माकड. शेजारच्या गच्चीवर रेहानाभाभी ताटली घेऊन आली. दर शुक्रवारी ह्यांच्या नावानं सदका काढते. मटणाचे तुकडे ह्यांच्या दिशेनं ओवाळायचे आणि घारींना फेकायचे, आपण दृष्ट काढतो तसंच. आजारपण घारीबरोबर जावं म्हणून. झटका आल्यापासून एक शुक्रवार चुकवला नाही बाईनं. फेकलं की मागं वळून न बघता जिना उतरते.

आज एक घार एवढी खाली आली की पंखाचा वारा तोंडावर लागला. मी डोकं धरून मटकन खाली बसले. हे हसले. मग डावा हात उचलून एक बोट घारीकडं, एक बोट पाटलाकडं.

मी बसल्या जागेवरून विचारलं, "कोण मोठं?"

"घार."

स्वच्छ. मला उठायचं सुचेना.

९ नोव्हेंबर, रविवार

पाटलाबद्दल लिहायचं राहिलंच. दिवाळीला आमचा निखिल पुण्याहून आला तो टोपलीत हे घेऊन. मार्मोसेट म्हणतात, परदेशातली जात, सगळे कागद केलेत म्हणे. मी म्हटलं, बापाला चालायला काठी आणायची सोडून माकड आणलंस? तो म्हणाला, "मम्मी, जीव रमेल पप्पांचा." मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

कानांवर पांढरे झुपके. ते बघून ह्यांच्या तोंडून एकदम निघालं, "पाटील." आमच्या गावच्या म्हाताऱ्या पाटलांच्या कानातून असेच केस यायचे. झटक्यानंतरचा पहिला धड शब्द. मग कुठलं माकड परत पाठवते मी.

त्याचे हात बघवत नाहीत. नखं, बोटांवर रेघा, सगळं माणसाचं. माझं बोट धरतो तेव्हा अंगावर काटा येतो. खातो काय, तर डिंक. मुकुंदवाडीच्या बाजारातून बाभळीचा आणला. दुकानदारानं विचारलं, सून बाळंत झाली का. हे डाव्या हातानं डिंक फोडतात आणि लुळ्या उजव्या हाताच्या बोटांत अडकवून त्याच्यापुढं धरतात. त्या बोटांत काही धरा म्हणून मी महिनाभर घसा कोरडा केला होता.

काल शनिवार, म्हणून गल्लीतल्या दोघी पाया पडून गेल्या. मारुतीचं रूप म्हणे. मारुतीनं डोंगर उचलला, ह्याला एक द्राक्ष दोन हातांनी धरावं लागतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पल्लवी मॅडमना घार आणि पाटलाचं सांगितलं. खूश. म्हणाल्या, टेबल-खुर्ची सोडा, आता हीच दोन घ्या.

आजचे प्रश्न. कोण उडतं? घार. कोण डिंक खातं? पाटील. शेपूट कोणाला? मी पाटलाचं नाव लिहूनही टाकलं होतं. हे म्हणाले, "दोघं."

"घारीला कसली शेपूट, अहो?"

डावा हात स्टिअरिंगवर असावा तसा धरला आणि इकडं तिकडं वळवला. "गाडी."

गच्चीत जाऊन बघितलं. खरंच की. घार पंख हलवत नाही, नुसती शेपूट पिळते आणि वळते. इतकी वर्षं ह्या गारखेड्यात डोक्यावर घारी फिरतात, मी एकदा मान वर केली नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटील गातो! भाभी ताटली घेऊन आली की ह्यांच्या मानेला चिकटतो आणि बारीक लांब शिट्टी लावतो. थांबतो, परत लावतो. शुक्रवार ओळखतो लबाड. व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे बदाम. नि.नं लिहिलं, पप्पांचा डीजे.

फक्त ह्यांच्या मफलरमध्ये घुसून बसतो, बाहेर यायला नको. हेही मफलर त्याच्यावर ओढून घेतात, थंडी वाजत असेल म्हणून. नि.ला विक्रेत्यानं बजावलंय की ऊन मिळालं नाही तर हाडं ठिसूळ होतील. पुढच्या वेळी मफलर काढून ठेवीन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भाभी खिचडा घेऊन आली. ह्यांनी तिला बघून "या" म्हटलं. ती दारातच उभी राहिली, डोळ्याला पदर. मला म्हणते, "भाईजान पूरी बात करने लगे ना, तो मैं ऊँट का सदका दूँगी, देखते रहना." मी म्हटलं, ऊँट फेकणार कशी गच्चीवरून. दोघी पोट धरून हसलो. घर बांधलं तेव्हापासूनची शेजारीण. माझ्या बाळंतपणात डबा हिचा, हिच्या लेकीच्या लग्नात माझी धावपळ.

आजचा प्रश्न, कोण जड? माझ्या मते घार, केवढी थोरली ती. ह्यांनी मान हलवली. "हलकी." आणि हात वर तरंगत ठेवला. वाद घालायला लागलेत. मला बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मफलर काढून घेतला. पाटील मग सारखा ह्यांच्या सदऱ्यात शिरायला बघतो, म्हणून कमरेला मऊ नाडी बांधून खुर्चीच्या हाताला अडकवला. बसला उन्हात. किती शिट्ट्या घातल्या.

मी बांधत होते तेव्हा हे म्हणाले, "नाय." दोनदा. "नाय, नाय." दोन शब्द सलग, पहिल्यांदा! प.मॅ.ना लगेच कळवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटील गेला. घारीनं नेला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लिहायला बसलेय. मॅडमनी सांगितलंय म्हणून नव्हे. कोणाला सांगणार म्हणून.

काल ह्यांना नेहमीसारखं गच्चीवर खुर्चीत बसवलं. उजवीकडं कलतात, घसरतात, म्हणून छातीवरून माझी जुनी ओढणी घेऊन मागं गाठ मारते. ती मारली. पाटलाला नाडी. मी मोबाईल घेऊन उभी, त्याचं गाणं घ्यायला. भाभीनं ओवाळलं, फेकलं, ती वळली आणि खाली गेली. एक तुकडा कठड्यावर आपटून आमच्या बाजूला पडला, खुर्चीजवळ. घार खाली आली. मला वाटलं तुकड्याला आली.

तुकडा तिथंच राहिला.

नाडी ताणली गेली. घार हवेत अडकली, पंख मारत, ह्यांच्या तोंडासमोर. पाटलाचे दोन्ही हात पसरलेले. हे पुढं झेपावले, ओढणीनं मागं खेचलं. तोंडातून आवाज निघाला, तो शब्द नव्हता. मी जागची हललेच नाही. मोबाईल धरून उभी. मग नाडीची गाठ सुटली. माझी गाठ.

केवढ्याशा वेळात झालं. गॅसवर दूध ठेवून आले होते, ते अजून वर आलं नव्हतं.

ह्यांच्या छातीवर ओढणीचा लाल वळ आहे. खोबरेल लावायला गेले तर हात झटकला.

३० नोव्हेंबर, रविवार

काल आणि आज आजूबाजूच्या सगळ्या झाडांखाली फिरले. निलगिरीखाली, टाकीखाली. लोक विचारतात, काय हरवलं ताई. काय सांगू. एक पीस सापडलं, घारीचं. उचललं तर हाताला वजनच नाही. हे खरं सांगत होते.

भाभी भेटली जिन्यात. "छोटू दिख नहीं रहा?" मी म्हटलं, पळाला. तोंडातून निघूनच गेलं. ती म्हणाली, दुआ करते, मिल जाएगा. आणि मी मान हलवली. तिला कसं सांगू की तुझ्या ताटलीला आलेली घार होती? ती माझ्या नवऱ्यासाठी स्वतःच्या पैशानं मटण आणते.

नि.ला फोनवर सांगितलं. म्हणाला, "मम्मी, रडू नको, दुसरा आणतो." मी फोन ठेवला.

हे एक शब्द नाही. चहासुद्धा मागत नाहीत.

२ डिसेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट कळली.

सगळे व्हिडिओ ओळीनं लावून बघितले. ते गाणं नव्हतं. पाटील शिट्टी घालतो, मान वर. त्यानंतर फरशीवरून सावली जाते. प्रत्येक व्हिडिओत आधी शिट्टी, मग सावली. एकदाही उलट नाही. भाभीसाठी नव्हतं, मटणासाठी नव्हतं. तो आम्हाला सांगत होता. आणि आम्ही बदाम पाठवत होतो.

पिंजऱ्यात जन्मलेला, टोपलीतून आलेला जीव. त्यानं घार कधी बघितली होती? कोणी शिकवलं त्याला? माझी पन्नाशी उलटली, मला डोक्यावरची घार दिसत नव्हती, त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होती.

मागचं पान उलटलं. "नाय, नाय." दोन शब्द सलग म्हणून मी उद्गारचिन्ह काढलंय पुढं. ह्यांना कळलं होतं. मफलर त्याच्यावर ओढून घ्यायचे ते थंडीसाठी नव्हतं. आणि मी मफलर काढला, नाडी बांधली, मॅडमला कळवलं की आज प्रगती आहे.

विचारलं त्यांना. "अहो, तुम्हाला कळलं होतं का?" डोळे मिटून घेतले.

५ डिसेंबर, शुक्रवार

ह्यांना वर नेलं नाही. भाभीची पावलं वाजली, मग घारींचं ते किंचाळणं. खोलीत ऐकू येत होतं. आठवड्यानं तोंड उघडलं ह्यांनी. "वर."

मी म्हटलं, "नाही जायचं."

"वर." चमचा ताटावर आपटला. परत आपटला. मी कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिले. घाबरले मी माझ्याच नवऱ्याला.

दुपारी भाभीकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. हात पिठातच राहिले.

"मेरे हाथ से?" म्हणाली.

मी म्हटलं, नाही भाभी, माझ्या हातानं. मी बांधला होता त्याला.

तव्यावरची भाकरी जळाली, दोघींनी बघितलं, कोणी काढली नाही. मग हळू म्हणाली, "अब नहीं डालूँगी." आणि नंतर, माझ्याकडं न बघता, "बुरा नक्को मानो भाभी. बला थी भाईजान पे. जान लेकेच टली."

म्हणजे ह्यांच्यावरचं पाटलानं घेतलं. मला राग यायला हवा होता. पण इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही, क्षणभर मला बरं वाटलं. खरंच टळली असेल तर, असं वाटलं. मग त्याचे पसरलेले हात आठवले आणि मी तिच्या मोरीत जाऊन ओकले.

८ डिसेंबर, सोमवार

प.मॅ. आल्या. त्यांना सांगायचं माझ्याकडून झालंच नव्हतं. बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली, "काका, घार आणि पाटलात काय फरक?" मी मागून हात हलवला, नको नको. उशीर झाला होता.

ह्यांनी ओठ हलवले. आम्ही थांबलो. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"त्याला... बांधलं."

मॅडम पुढं सरकल्या. "छान. आणि घारीला?"

ह्यांनी नुसतं "नाय" म्हटलं. मग डावा हात छातीवर आणला. खोलीतही खुर्चीत बसवलं की ओढणी असतेच. तिच्यावर बोटं ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "मला... बांधलं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, काकू, दोन शब्दांचं वाक्य, तेही दोनदा. किती मोठी गोष्ट आहे. मी हो हो म्हणत चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

तुम्ही पडू नये म्हणून बांधते हो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की खुबा मोडला तर हा माणूस परत उठणार नाही. एकटी आहे मी. भाजी आणायला गेले आणि मागं घसरलात तर?

पाटलालाही मी त्याच्या भल्यासाठीच बांधलं होतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून.

१० डिसेंबर, बुधवार

प.मॅ.ना फोन करून पाटलाचं सांगितलं. मग विचारलं, ओढणी सोडू का. म्हणाल्या, "काकू, ते मी नाही सांगू शकत. डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अजिबात नको.

नि. म्हणतो, पट्टे असलेली खुर्ची मिळते, मागवतो. मागवू नको म्हटलं.

आज जेवले थोडं. "मीठ," म्हणाले. कमीच होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून "वर, वर." नेलं. गच्चीवर बसवलं, ओढणी छातीवरून घेतली. "नाय."

ह्या वेळी ऐकलं मी. ओढणी कमरेला खोचली आणि मागं उभी राहिले, दोन्ही हात त्यांच्या काखेशी, न लावता.

भाभी तिच्या गच्चीवर आली, हात रिकामे. का आली ते तिलाही सांगता आलं नसतं. घारींना कुठं ठाऊक सदका बंद झालाय. घिरट्या घालायला लागल्या. एक उतरली आणि आमच्या कठड्यावर बसली. एवढ्या जवळून मी कधी बघितली नव्हती. तपकिरी डोळे, दोन्ही समोर, पाटलाचे होते तसेच. दोघांत सारखं काय, हे विचारायचं राहिलं होतं. तिच्या पायांकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलंच.

हे तिच्याकडं बघत होते, ती ह्यांच्याकडं. मग ह्यांनी डाव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि उठायला लागले.

"भाभी, पकडो उनकू," रेहानाभाभी तिकडून म्हणाली.

मी पकडलं नाही. का पकडलं नाही ते देव जाणे. उठले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हा माणूस माझ्या आधाराशिवाय उभा राहिला आणि माझ्यापेक्षा उंच झाला. डावी मूठ वर नेली, घारीच्या रोखानं. मारायला की हात लावायला, मला अजून कळलेलं नाही. घार हलली नाही. उजवा गुडघा वाकला आणि हे कोसळले. मी धरेपर्यंत एक गुडघा आणि कोपर फरशीवर आपटलं होतं. घार तेव्हा उडाली.

भाभी धावत आली. दोघींनी मिळून उचलून खाली आणलं. गुडघा सोललाय, कोपर सुजलंय. खुबा शाबूत आहे असं वाटतंय, पण डॉक्टरांना अजून कळवलं नाही. कळवलं तर ते ओरडतील, आणि बरोबरच ओरडतील. भाभी हळद गरम करून देऊन गेली.

गुडघ्याला हळद लावताना मी म्हटलं, "बघा, म्हणून बांधत होते."

हे दुखण्यानं तोंड वाकडं करत होते. हळद लागेपर्यंत थांबले. मग दाराकडं, जिन्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "उद्या."

मी अजून हो म्हटलेलं नाही.